गबदुल्याचा अहवाल

प्रिय शेंडेफळास,

तीन आठवडे झाले, तू घरी फिरकली नाहीस. फोन केला की ‘कामात आहे’ एवढंच ऐकू येतं. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. तीस वर्षं बसमध्ये ‘पुढे सरका’ ओरडून घसा असा झालाय की साधी विचारपूसही दटावल्यासारखी वाटते. म्हणून कागद घेतला.

आधी बातमी. मुलांच्या वॉर्डातल्या तीन नंबरच्या खाटेवरची भोकाडसम्राज्ञी आज घरी गेली! तुमच्या प्रयोगशाळेत ती नुसता एक नमुना म्हणून आली असेल, म्हणून सांगतो. वय वर्षं चार, पुढचे दोन दात किडलेले, आणि भोकाड पसरलं की खाली दारावरचा पहारेकरी मान वर करतो. पोटाचं ऑपरेशन साधंच होतं, पण जखमेत जंतू शिरले आणि ते कुठल्याच औषधाला जुमानेनात. अकरा दिवस ताप. त्यातले शेवटचे चार दिवस ती रडलीच नाही. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. तिची आई नुसती तिचे तळवे धरून बसलेली असायची.

मग तुझा अहवाल आला. मागे एकदा तू मला ती काचेची ताटली दाखवली होतीस ना? जंतूंचा पिवळट थर, त्यावर औषधांच्या बारीक चकत्या, आणि जिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडेल ते औषध लागू. या पोरीच्या ताटलीत म्हणे जंतू सगळ्या चकत्यांना खेटून वाढले होते, वर्तुळ फक्त एकीभोवती. तेच औषध दिलं. पाचव्या दिवशी बाईसाहेबांनी डॉक्टरांना चमचा फेकून मारला. एरवी एवढ्यावरून वॉर्ड डोक्यावर घेणाऱ्या मोठ्या सिस्टर त्या दिवशी डोळे पुसत हसत होत्या.

आता दुसऱ्या अहवालाचं. तेच जंतू आणखी दोन मुलांत सापडले, तेव्हा तुम्ही नळ, खाटा, दारांच्या मुठी, सगळ्यांचे नमुने घेतलेत. माझ्या हातातल्या बाहुल्याचा, गबदुल्या अस्वलाचाही घेतलात. मी निर्धास्त होतो. आठवड्यातून दोनदा अस्वलाचा खेळ करायला जातो, पण कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कधी खाटेजवळ गेलो नाही. सिस्टर तर इतरांना माझं उदाहरण द्यायच्या. आणि तेच धुतलेले हात मी दर खाटेपाशी गबदुल्याच्या पोटात घालत होतो! एक पोर त्याला मिठी मारायचं, दुसरं त्याचा कान चोखायचं. सात वर्षांत त्याला पाणी म्हणून लागलं नव्हतं. का, ते फक्त तुला आणि मला ठाऊक. तुझ्या आईने शेवटच्या वर्षी स्वतःचा लोकरी कोट कापून तो शिवला होता. धुतला तर तिची शिवण उसवेल, या भीतीने मी त्याला नुसतं ऊन दाखवायचो.

अहवालात तेच जंतू गबदुल्यावर निघाले. एका नळाच्या तोटीवरही सापडले, सगळं खापर अस्वलावर फोडू नका, असं डॉक्टर म्हणाले. पण माझं लक्ष खालच्या सहीवर. ती सही मी तुझ्या शाळेच्या वह्यांपासून ओळखतो. खरं सांगू? फार राग आला तुझा. मला आधी एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? दोन दिवस धुसफुसलो, मग उमगलं काय बिघडलं असतं ते. मी तुझी मनधरणी केली असती, आईची शपथ घातली असती, आणि तुझा हात अडला असता. बापाला तू पुरतं ओळखून आहेस. गबदुल्याला जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत मीच ठेवलं, माझ्या हातांनी. रडलो. मग हात धुतले.

तेव्हापासून एकाही नव्या मुलाला लागण नाही. आता वॉर्डात ज्याचं त्याचं वेगळं अस्वल असतं, जुन्या सुती चादरींचं, उकळत्या पाण्यात घालता येईल असं, आणि पोराबरोबर घरी जाणारं. कापड मी कापतो, शिवायला मुलांच्या आया हातभार लावतात. पण कान लावायचा हट्ट माझा, आणि मी लावलेले कान पहिल्याच उकळीला सुटतात. भोकाडसम्राज्ञी एककानी अस्वल काखेत मारून गेली, आणि सोमवारी जखम दाखवायला येईन तेव्हा दुसरा कान तयार हवा, असं बजावून गेली. तिला हो म्हणून बसलोय. आईचा तो दुहेरी टाका या घरात आता फक्त तुझ्या हातात आहे, आणि तिची सगळी शिवण काही त्या अस्वलाबरोबर जळाली नाही, हे मला उशिरा सुचलं. म्हणून हे पत्र. तू काही चुकीचं केलेलं नाहीस, तेव्हा तोंड लपवू नकोस. रविवारी ये. आईचा सुयांचा डबा काढून ठेवला आहे.

हात स्वच्छ धुऊन वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा