होकाराची वाट

प्रिय बाबा,

एस्बियर्ग बंदरातली नोकरी सोडून मी लोकांची डोकी तळहातांवर धरून दुखणं हलकं करायला शिकले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यापेक्षा कॉड माशाचं डोकं धर, सूप तरी होईल!"

तुमचं डोकं रोज दुखायचं. दर रविवारी मी विचारायचे, "हात ठेवू का?" तुम्ही हसून नाही म्हणायचात. आमच्या कामात होकाराशिवाय हात लावायचा नसतो. गेल्या रविवारी तुम्ही हसला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. नुसते डोळे मिटलेत. मी मात्र नियमावर बोट ठेवून, फुगून निघून आले.

आज तुमची शवपेटी बंद करण्याआधी मला खोलीत तुमच्याजवळ सोडलं. सवयीनं मी विचारलं, "हात ठेवू का?" आणि झाकण लावायला माणसं आली, तोवर उत्तराची वाट पाहत उभी राहिले.

तुमची,
सिझेल