तोंडपाठ

पुणे, ता. ९ ऑगस्ट १९३१

ती. दादांस पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

कॉलेजात भूमितीचे प्रोफेसर इंग्रजीत बोलतात. अर्धे कळते तोवर ते पुढे गेलेले असतात. लिहून घेऊ गेलो तर ऐकणे सुटते, ऐकत बसलो तर कागद कोरा राहतो. तुम्ही शाळेत लावलेली सवय इथे चालत नाही. वसतिगृहात मोठ्याने वाचले की शेजारची मुले भिंत ठोकतात आणि मनातल्या मनात वाचलेले माझ्या डोक्यात राहत नाही. आबांनी मला शेतातून एकच वर्ष सोडले आहे. नापास झालो तर शिक्षण संपले.

आईला नमस्कार. लोभ आहे तसा राहू द्यावा.

आपला,
पितांबर

ब्राह्मणपुरी, ता. १७ ऑगस्ट १९३१

चि. पितांबरास अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. सकाळी टेकडीवर जा आणि तिथे मोठ्याने म्हण. भूमितीचे पुस्तक पहिल्या ओळीपासून तोंडपाठ कर. माझ्या शाळेतली पोरे अशीच पास होतात. तूही तसाच झालास. प्रोफेसरांना उलट विचारत बसू नये, मोठ्यांना प्रश्न करणे आपल्यात शोभत नाही. पारावर उखाकाका म्हणतात, वर्षाअखेर पुण्याच्या कावळ्यांनाही भूमिती येईल. आई विचारते, मन्हा पोऱ्या येळवर जेवस का नही.

पत्रात खंड पडू देऊ नये.

तुझा,
हिंमतराव

पुणे, ता. ६ एप्रिल १९३२

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

नापास झालो. पुस्तक पूर्ण पाठ होते. सिद्धांत ओळखीचाच आला, पण आकृतीवरची अक्षरे वेगळी होती. म्हणू लागलो, तर प्रत्येक ओळ भलत्याच कोपऱ्यावर जाऊ लागली. शेवटी पुस्तकातली अक्षरे लिहून उठलो.

प्रोफेसरांनी बोलावले. रागावले नाहीत. वर्षभर समोर बसून एकदाही काही का विचारले नाहीस, म्हणाले. घरचे वळण सांगितले. तेव्हा ते म्हणाले, विचारले असतेस तर एका दुपारचे काम होते.

आबांना तुम्हीच सांगावे. माया कमी करू नये.

पितांबर

ब्राह्मणपुरी, ता. १४ एप्रिल १९३२

चि. पितांबरास आशीर्वाद.

आबांना सांगितले. ऐकून ते शेतात गेले.

शाळेत फळ्यावर त्रिकोण काढला आणि अक्षरे बदलली. पोरे घडाघड पुस्तकातलेच म्हणून गेली. त्यांना थांबवले, समजावून सांगतो म्हटले आणि खडू धरून उभा राहिलो. काय समजावायचे ते मला ठाऊक नव्हते. पोरे वाट पाहत होती. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सांगितले.

खापरच्या शाळेत जागा आहे. पाठांतर पक्के करून घेणारा मास्तर हवा, असे तपासनीस म्हणाले. आबांनी तुझे नाव दिले. मला नको म्हणता आले नाही.

हिंमतराव

पुणे, ता. २१ एप्रिल १९३२

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

रविवारी नंदुरबारला उतरेन. खापरला जाईन, आबांना सांगावे. तिथल्या एखाद्या मुलाने उठून का म्हणून विचारले, तर काय करायचे, हे तुम्हांला विचारणार होतो. राहू द्या.

आपला,
पितांबर