पहिली पिवळी, दुसरी लवपंखी

सोलापूर,
दि. ४ ऑक्टोबर २०२४

चि. आयेशास मामूच्या अनेक दुआ.

पत्र मराठीत लिहितोय, कारण उर्दू तू केव्हाच सोडून दिलीस. फोन मुद्दाम केला नाही. मी तापलो की नेमकी तुझी रेंज जाते.

तुमच्या कॉलेजची रानफुलांची पुस्तिका मिळाली. पान सव्वीस वाचलं आणि चहा तसाच गार झाला. वळसंगच्या माळावरच्या पॉलिगाला नावाच्या रानफुलाच्या दोन जाती वाळवून चिकटवलेला माझ्या फाइलीतला जुना कागद मी विश्वासाने तुझ्या हाती दिला. आणि तुम्ही छापलंत काय, तर स्थानिक संग्राहकाने दोन जातींत गल्लत केली आहे! मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, दर भादव्यात तो माळ पायाखाली घातला, एकेक फूल स्वतः भिंगातून तपासलं, आणि गल्लत?

दोघी बहिणी-बहिणी आहेत, हे मान्य. दोघींच्या फुलाला दोन पंख, पुढे बारीक झालर. पण एक पिवळी, जमिनीलगत पसरणारी, पान रुंद, तुरा पानाहून आखूड. दुसरी गुलाबीसर, उभट, पान अरुंद, तुरा लांब आणि पंखांवर पांढरी लव. वाळल्यावर रंग उडतो. लव कुठे जात नाही. सोबतच्या चिठ्ठीत मी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, पहिली पिवळी, दुसरी लवपंखी. आणखी काय ढोल वाजवून सांगायचं?

काल माळावर निंगव्वाला हे सांगितलं. शेळ्या सोडून ती हसत बसली. म्हणाली की मास्तर, ह्यात चुकायला हाय काय, माजी शेळीबी सांगंल की.

दुरुस्ती छापायला सांग. जुलेखाला सलाम, भावाची बाजू घ्यायला सांग तिला.

रागातसुद्धा तुझाच,
रहिमतुल्ला मामू


पुणे,
दि. ११ ऑक्टोबर २०२४

ति. मामूंना आयेशाचा आदाब. वि. वि.

पत्र वाचून अम्मी हसली आणि तुमचीच बाजू घेतली. मला मात्र रात्रभर वाईट वाटत राहिलं. पण मामू, पुस्तिकेचं काम बघणाऱ्या आमच्या सरांनी माझ्यासमोर भिंग लावलं होतं. पहिल्या झाडाच्या पंखांवर लव आहे, मीही पाहिली. तुमची चिठ्ठी म्हणते, पहिली पिवळी. मग आम्ही काय लिहायचं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही दोन वर्षं पुढे ढकलताय, हे मी सरांना सांगितलं नाही. शिवाय पुस्तिकेत कुणाचं नाव नाही, फक्त संग्राहक म्हटलंय. म्हणजे कुणाला कळणारही नाही. एवढं मनावर घेऊ नका. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमच्या मायेची हक्कदार,
आयेशा


सोलापूर,
दि. १७ ऑक्टोबर २०२४

चि. आयेशास दुआ. आज एकच, मोजून.

मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आहे. भिंग मी उजव्याला लावतो.

नाव छापलं नाही हे बरं झालं म्हणतेस? चूक ठळक छापायची, माणूस मात्र गाळायचा, हे तुमचं शास्त्र! माझ्या नावासाठी मी भांडत असतो तर एव्हाना गप्प बसलो असतो. संग्राहकाचं नाव मी कागदावर, पहिल्या झाडाच्या मुळाशी लिहिलं होतं. ते तरी वाचलंस का? की उर्दू दिसली म्हणून सोडून दिलंस?

कागद परत पाठव. पुस्तिका तुमची तुम्ही ठेवा. मला आता भांडायचंही नाही, आणि हेच मला जास्त लागलंय.

मामू


पुणे,
दि. २४ ऑक्टोबर २०२४

ति. मामूंना आदाब. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन कॉलेजात, तुमचा कागद ठेवलेल्या कपाटापाशी गेले. मुळाशी नाव शोधलं. ते डावीकडच्या झाडाखाली नव्हतं, उजवीकडच्या झाडाखाली होतं. तुम्ही झाडं उर्दूच्या ओळीसारखी उजवीकडून लावली होती, आणि मी डावीकडून मोजून सरांच्या हातात दिली. उजवीकडची पिवळी, डावीकडची लवपंखी. चिठ्ठी बरोबर, कागद बरोबर.

त्याहून वाईट ऐका. सरांनी तेव्हा विचारलं होतं की खाली काय लिहिलंय. मी न बघताच सांगितलं की मामूंची सही असेल. आज ती ओळ अक्षराला अक्षर जोडत वाचली. पंधरा मिनिटं लागली. वेचली आणि ओळखली, आयेशाने, वय नऊ वर्षे.

मामू, तुम्ही माझ्यासाठी भांडत होतात आणि मी तुम्हाला गोळ्या घ्यायला सांगत होते. नवव्या वर्षी मला जे बरोबर आलं, ते चोविसाव्या वर्षी मीच चूक ठरवलं आणि छापूनही आणलं.

सरांना सगळं सांगितलं. तेही वरमले. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींवर मी स्वतः पट्ट्या चिकटवतेय: संग्राहकाची ओळख अचूक होती, चूक ती वाचणारीची.

कागद टपालाने पाठवत नाही. शनिवारी मीच घेऊन येते. तुमची पहिलीच्या वर्गाची उर्दूची पाटी माळ्यावरून काढून ठेवा. आणि दुआ पुन्हा अनेक करा, एकीवर माझं भागत नाही.

तुमची,
वय नऊ वर्षे,
आयेशा