रोहूच्या पोटातला जवस

आर्वी,
होळीच्या आधीचा शनिवार, २००७

प्रिय महादेवा,

अक्षर ओळखलंस ना? दचकू नकोस, मीच आहे, तुझा ढेपवाला प्रेमदास. गेली दहा-अकरा वर्षं बाजारात तू समोरून दिसलास की मी पानाच्या टपरीकडे तोंड करून उभा राहायचो, आणि मी पान खात नाही हे तुला चांगलं ठाऊक होतं. आज मात्र आपणहून कागद घेऊन बसलोय. तुझ्या लेकीने, मयुरीने, तुला आंजीला आपल्या घरी नेलं, हे कळलं. बरा आहेस ना, वगैरे नंतर विचारीन. आधी माझं ऐक. माझ्या डोक्यात एक कोडं शिरलंय आणि ते मला दोन घास सुखाने खाऊ देईना. अर्धं मी सोडवलंय. उरलेलं अर्धं तुझ्यापाशी आहे आणि ते काढून घेतल्याशिवाय मी तुला सोडणार नाही.

सुरुवात डोळ्यांपासून करतो. तीनेक वर्षांपूर्वी मला दिसेनासं झालं. गिऱ्हाइकाने सरकीची ढेप मागितली तर मी तिळाची तोलायचो. पाण्यावर गळाच्या मोरपिसाचं तरंगणं तर केव्हाच दिसेनासं झालं होतं. निकेश म्हणाला, बाबा, आता गरी सोडा. मी कशाला सोडतोय! दर रविवारी त्याच्या स्कूटरवर बसून नदीवर जायचोच, आपल्या गोसाव्याच्या डोहावर. आणि गंमत ऐक, जसजसे डोळे जात गेले तसतसे मासे वाढत गेले. ऐन उमेदीत कधी लागले नाहीत असे रोहू मी आंधळेपणी काढले. तंगुसाची दोरी बोटावर घेऊन बसायचो, तू शिकवलंस तसं, आणि बोटाला नुसती मुंगी चावल्यासारखं झालं की झटका द्यायचो. सगळ्या आर्वीत माझा बोलबाला झाला. नवी पोरं दुकानासमोर येऊन बसायची. मी त्यांना सांगायचो, डोळे मिटून बसत जा रे, डोळ्यांमुळेच तुमचे मासे जातात. डॉक्टर म्हणत होते मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका. मी म्हणायचो, घाई काय आहे, माझं काय अडलंय? हसू नकोस. पुढे अजून हसायचं आहे.

रात्री पडल्या पडल्या मला आपले जुने दिवस आठवतात. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, मी बापाच्या ढेपेच्या दुकानात. गाठ मारायची कशी, पाणी वाचायचं कसं, बोटाने ऐकायचं कसं, हे तू मला शिकवलंस. माशांचा चारा कसा मळायचा हे मी तुला. तुला तर कणीक आणि ढेप यातला फरक कळत नव्हता. मग ब्याण्णव साली नागपूरच्या तलावावर गळाची स्पर्धा झाली, तिथे मोठमोठे साहेब लोक परदेशी काठ्या घेऊन आलेले. आपली एकच रील, तीही कलकत्त्याहून मागवलेली, आळीपाळीने वापरायची. तू पहिला आलास, मी दुसरा, आणि पेपरात ‘आर्वीची जोडी’ असं छापून आलं. माझ्या सुलोचनाने ते कात्रण देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. पुढे आपण नर्मदेवर गेलो. तिथल्या खळाळात तू महसीर असा खेळवलास की जबलपूरचे म्हातारे गळेकरी उठून उभे राहिले. तो मासा थकवायला तुला जितका वेळ लागला, तेवढ्यात मी दोनदा चहा केला आणि दोन्हीदा सांडला. इतका मी घाबरलो होतो तुझ्यासाठी. माझा मान रोहूचा, तुझा महसीरचा, अशी आपली वाटणी होती. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. माझ्या चाऱ्यात तू भाजलेला जवस घालायचास. मी म्हणायचो, जवस चटणीले ठेव, महादेवा, माशाले काऊन देऊन राह्यला? तू ऐकायचा नाहीस. सगळ्या तालुक्यात चाऱ्यात जवस घालणारा तू एकटाच.

मग आलं शहाण्णव साल. ते तुला आठवतं आणि मलाही, पण ही चिठ्ठी मयुरी तुला वाचून दाखवत असेल तर तिलाही कळू दे. गळेकऱ्यांचा आपल्या भागात एकच कायदा. ज्याने चाऱ्याचे गोळे टाकून डोह चारला, त्याचं लाल फडकं काठावरच्या काठीला. फडकं तिथे आहे तोवर दुसऱ्याने गरी टाकायची नाही. गोसाव्याच्या डोहात एक थोराड रोहू आहे, हे सगळे जाणून होते. कुणी त्याची पाठ पाहिली होती, कुणी नुसता उसळल्याचा आवाज ऐकला होता. त्याच्यासाठी मी उन्हातान्हात जाऊन डोह चारला, फडकं लावलं, आणि ठरल्या दिवशी सकाळी पोचलो तर माझ्या फडक्याखाली तू बसलेला. काठी कमानीसारखी वाकलेली. मी काठावर उभा राहून पाहत होतो. तू त्याला अलगद काठाशी आणलंस, ओल्या हाताने गरी सोडवलीस, दोन्ही हातांवर त्याला क्षणभर धरलंस, आणि परत पाण्यात सोडून दिलंस! मी विचारलं, हे काय केलं? तर तू माझ्याकडे न बघता म्हणालास, “पाहाचं होतं मले, केवढा आहे थो.” बस, एवढंच. माफी नाही, काही नाही. तू नेला असतास तरी मी समजलो असतो. पण तुझाही नाही आणि माझाही नाही, हे काय झालं? त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोललो नाही. मला राग आला होता, महादेवा, आणि तो खरा होता.

आता कोड्याकडे येतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास सेवाग्रामला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन उरकलं. तुला लकवा मारल्याचं कानावर आलं तेव्हा माझ्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पट्टी निघाली, चष्मा आला, जग लख्ख दिसायला लागलं. सुलोचनाचे केस इतके पांढरे झालेत हे मला तेव्हा कळलं. पहिल्या रविवारी मोठ्या ऐटीत डोहावर गेलो. मोरपीस दिसत होतं, काठावरच्या मुंग्यासुद्धा दिसत होत्या. दिवसभरात एक मासा लागला नाही. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्याही नाही. म्हटलं थंडी आहे, मासा सुस्तावला असेल. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, ऊन तापायला लागलं, तरी गरी कोरडीच. मग मी काय केलं असेल? माझंच तत्त्वज्ञान मला पटलेलं होतं ना! डोळ्यांना पंचा बांधला आणि डोहावर जाऊन बसलो. चिंधू, तो नदीतल्या रेतीवर टरबूज-डांगरांची वाडी करतो ना, तो आणि त्याची बायको डांगरं सोडून मला बघायला आली. त्यांनी ही बातमी गावभर केली. संध्याकाळी घरी आलो तो सुलोचना दारातच उभी.

ती म्हणाली, “डोये आले न अक्कल गेली काय तुमची? तवा माशाच्या पोटात जवस निघे. आता जवस पडत नाई त मासा येईन कुठून?” मी म्हटलं, जवस? मी कधी टाकला जवस? तर म्हणते, “तुमी नाईच टाकला. दर रविवारी मासा चिरो मीच ना? आतडं उघडलं का भाजल्या जवसाचे दाणे.” मी खाटेवर बसलोच. तिला विचारलं, तीन वर्षं तुला माहीत होतं, मग बोलली काऊन नाही? चुलीतलं लाकूड पुढे सारत ती शांतपणे म्हणाली, “तुमी इतके खुश होते. मंग मी काऊन सांगू?” बघ, म्हणजे तुझ्या कटात माझी बायको सामील.

दुसऱ्या दिवशी दुकान निकेशवर टाकून मी तडक चिंधूची डांगरवाडी गाठली. त्याने एक डांगर फोडून माझ्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, जणू त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. “मास्तर ये ना शनिवारी. सायकल थ्या बाभळीले टेकवे, गोळे टाके, घडीभर पाण्याकडे पाहे न चालला जाय. म्या म्हटलं, मास्तर, गरी नाई टाकत काय? त म्हणे, नाई रे, आपला वार नाई.” मी विचारलं, मग माझे गोळे? मी पण रविवारी गोळे टाकायचोच की! चिंधू दुसरीकडे बघत म्हणाला, “तुमचे गोळे काठाच्या गोट्यावर पडत, शेठ. माह्या कुत्र्यानं खाल्ले.” तीन वर्षं मी चिंधूचं कुत्रं पोसलं, महादेवा. चांगलं गुबगुबीत झालंय ते. मला पाहून शेपूट हलवतं. चिंधूला विचारलं, हे मला आधी सांगितलं काऊन नाही, तर म्हणतो, तुमी इचारलं नाई.

इथवर मी सोडवलं. पुढे गाडी अडते. कोणी केलं ते कळलं, का केलं ते कळत नाही. मी आंधळा झालो म्हणून तुला माझी कीव आली का? हा विचार आला की मला त्या सगळ्या माशांची चव कडू लागते. मग वाटतं, शहाण्णव सालची ती सकाळ तुला टोचत असेल, तोंडाने माफी मागता येईना म्हणून गोळ्यांनी मागितली असेल. हे मनाला बरं वाटतं, पण पटत नाही. तू शाळेत चुकून छडी मारलेल्या पोराची वर्गासमोर माफी मागणारा मास्तर, तुला तोंडाने बोलायला काय धाड भरली होती? तिसरं मला परवा आंघोळ करताना सुचलं आणि मी तसाच अर्ध्या अंगाला साबण लावून सुलोचनाला सांगायला बाहेर आलो. तू मला चारत नव्हतासच! तू त्या थोराड रोहूला चारत होतास. तो डोहात टिकून राहावा, वाढत राहावा, म्हणून. त्याची बाकी जमात आपोआप माझ्या गळाला लागत गेली आणि मी फुकटचा फुगलो. सुलोचना म्हणते, असं नसते, मास्तर तुमच्याचसाठी येत होते. आमची यावरून रोज जुंपते. मी हरलो तरी मला आनंद आणि जिंकलो तरी हसू, असं हे भांडण आहे. त्या रोहूला मी या तीन वर्षांत एकदाही बोटावर ऐकलेलं नाही. तो आहे का अजून? तुला ठाऊक असणार. घडीभर पाण्याकडे बघत बसायचास ते काय उगाच?

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. सोमवारी मयुरी दुकानात आली होती. खांद्यावर तुझ्या काठ्यांचं बोचकं. ती नर्मदेवरची, ती नागपूरची, सगळ्या. म्हणाली, “काका, बाबा म्हणतात, ज्याले लागत असन त्याले देऊन टाक. मी कोणाले देऊ?” मग तिथेच ढेपेच्या पोत्यावर बसून रडली पोर. म्हणाली, उजवा हात उचलत नाही हे ठीक, पण बाबा डावाही मांडीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसतात, अंगणातसुद्धा येत नाहीत. ती गेल्यावर मी बोचकं सोडलं. आत तुझा चाऱ्याचा पितळी डबा होता, तळाशी वाळून दगड झालेला गोळा, आणि त्यात जवस. मी तो कितीतरी वेळ हुंगत बसलो. महादेवा, या काठ्या मी घेत नाही, आणि दुसऱ्या कुणालाही घेऊ देणार नाही. हे पत्र घेऊन निकेश उद्या पहाटे जीप घेऊन तुझ्या दारात येईल, काठ्या त्याच्यासोबतच आहेत. सुलोचनाने काल जवस भाजला. आज मी स्वतः डोहावर जाऊन आलो, नव्या डोळ्यांनी, एकही गोळा गोट्यावर न पाडता, आणि चिंधूचं कुत्रं माझ्याकडे रागाने बघत राहिलं. काठावर लाल फडकं लावलंय. ते तुझ्या नावाचं आहे, तेव्हा मला तिथे गरी टाकायचा हक्क नाही. तंगूस तू डाव्या बोटावर घे, रील फिरवायला माझा हात आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीने पाठवलंस तर मी फाडून टाकीन, येऊनच सांग. आणि तो लागलाच, तर ओल्या हाताने आपण दोघं त्याला सोडून देऊ. पण त्याआधी घडीभर धरू. मलेही पाहाचं आहे, केवढा झाला थो.

तुझ्या फडक्याखाली वाट बघणारा,
तुझाच,
प्रेमदास