साहेबांची सांत्वनपर भेट

पुणे, ३ फेब्रुवारी

ती. मैत्रीताईस,
प्रज्ञेशचा सप्रेम जयभीम वि. वि.

हे पत्र लिहायचं महिनाभर टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. टाळायला कारणं भरपूर मिळतात. पेन आणायला नारायण पेठेत गेलो, तिथे जुना मित्र भेटला, आणि संध्याकाळी मी बिबवेवाडीत त्याच्या भावाचा फ्रिज जिन्यावरून वर चढवत होतो. पेन राहिलंच. हे हातातलं आईचं आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलास तेही बरोबरच. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला निघून जो मित्राच्या नादाने अमरकंटकला पोचतो, त्याचा फोन कोण घेईल?

आता मुद्दा. बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. ऑपरेशन झालं नाही तर पुढचा महिना निघणार नाही, असं डॉक्टर आईच्या तोंडावर म्हणाले. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ते फुकट होतं, गरिबांसाठी खाटा राखून ठेवलेल्या असतात. पण आमदारांचा फोन गेल्याशिवाय त्यातली एकही रिकामी होत नाही. म्हणून बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून रंगनाथसाहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन बसतात. चहा मिळतो, टोकन मिळतं आणि दुपारी उद्या या असं सांगतात. इतकी वर्षं साहेबांच्या सभांना सतरंज्या घातल्या, साहेब मला विसरणार नाहीत, हे बाबांचं पालुपद. खरंय, विसरण्यासाठी आधी ओळख लागते.

साहेबांचा सहायक अभय सगळ्या मतदारांच्या फोनवर रोज खबरबात पाठवतो. आज बाकांचं लोकार्पण, उद्या छत्रीवाटप. बाबा ती मोठ्याने वाचतात. त्यात मला एक गंमत दिसली. जिवंत माणसाच्या कामाला टोकन लागतं. पण कुणी मेलं की साहेब त्याच दिवशी घरी हजर, सांत्वनपर भेट, फोटोसकट. मागच्या गल्लीतली बायडाबाई नळाला पाणी येत नाही म्हणून खेटे घालून थकली. ती गेली तेव्हा साहेब तिच्या ओट्यावर चांगले अर्धा तास बसले. प्यायला पाणी मागितलं त्यांनी. शेजारून आणावं लागलं.

तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर कळव. उरलासुरला लोभ तसाच राहू दे.

तुझा
प्रज्ञेश


तुमसर, ८ फेब्रुवारी

चि. प्रज्ञेश यास,
आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर अजून चौथीतलंच आहे, त्यामुळे कुणाचं ते ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या ओळखीत आमदार नाहीत, सातवीची मुलं आहेत. मार्चपर्यंत रजाही नाही.

बाबांचं इतकं झालंय हे आईने मला सांगितलं नाही, आणि सांगितलं कुणी, तर तू. नंबर उघडणार नाही. लिहिताना तरी माणूस एका जागी बसतो. बसण्यावरून आठवलं. बाबांना घरी ठेव आणि त्या कार्यालयात तू जाऊन बस. बाकावर बसायला अक्कल लागत नाही, म्हणून तुला सांगतेय. साहेब गाडीत चढताना आडवा हो, पाय धर, काय वाटेल ते कर, पण फोन करून घे.

आणि डोकं चालवू नकोस. तुझं डोकं चाललं की घरातलं कुणीतरी आजारी पडतं. या वेळी बाबा आधीच आजारी आहेत.

फोन झाला का, एवढंच लिही. फ्रिजचं वर्णन नको. लोभ मागायचा नसतो, कमवायचा असतो.

मैत्री


पुणे, १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

डोकं चालवलं. आधी वाच, मग रागाव.

बसलो की बाकावर. साहेब मागच्या दाराने जातात. म्हणून काल सकाळी बाहेर आलो आणि कार्यालयातच फोन लावून बाबांचं नाव घेतलं, म्हटलं, तुमचे जुने कार्यकर्ते सुखदेव गेले. अभयने पत्ता विचारला, बोळात गाडी वळते का विचारलं. कशाने गेले ते विचारलंच नाही.

दुपारीच साहेब आले. हार, फोटोग्राफर, मागे पांढऱ्या शर्टांची रांग. साहेब तुम्हाला बघायला येतायत, एवढंच मी बाबांना सांगितलं होतं. ते दाढी करून पलंगावर बसलेले. साहेब चेहरा पाडून आत शिरले, आईला हात जोडून म्हणाले, वहिनी, धीर धरा. तेवढ्यात पलंगावरून बाबा म्हणाले, साहेब, चहा घेणार ना?

मला हसू आलं, ताई. साहेब मात्र पक्के. हार त्यांनी बाबांच्याच गळ्यात घातला आणि म्हणाले, अशा निष्ठावंतांचा सत्कार जिवंतपणीच व्हायला हवा. मी बोलून टाकलं, सत्कार राहू द्या, हॉस्पिटलला फोन करा. साहेबांनी अभयकडे पाहिलं. अभयने हळूच मोबाईल पुढे केला. श्रद्धांजलीची पोस्ट त्याने गाडीतूनच टाकून दिली होती. बाबांचा सतरंजी झटकतानाचा फोटो, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, खाली हात जोडलेल्यांची रीघ.

साहेब म्हणाले, फोन तर करणारच. पण आता पोस्ट काढली तर विरोधक म्हणतील, यांना आपला माणूस मेला की जिवंत तेही ठाऊक नाही. निवडणूक तोंडावर आहे. आठवडाभर काका बाहेर दिसू नयेत, लोक विसरले की लगेच फोन. आणि उठलेच. जाताना खिडकीचा पडदा अभयने स्वतःच्या हाताने ओढला.

बाबांना राग आला असेल असं वाटलं ना तुला? सकाळपासून ते आपल्या श्रद्धांजल्या वाचतायत. कॅरमला बसल्यावर त्यांना चोर म्हणणाऱ्या शेजाऱ्याने अजातशत्रू लिहिलंय. वाचून म्हणाले, बघ, माणूस वाईट नव्हता. धाप लागते, थांबतात, पुन्हा वाचतात. मी म्हटलं, चला, असेच दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. तर म्हणे, नको, साहेबांची अडचण होईल.

आठवड्याचाच प्रश्न आहे. तेवढे दिवस लोभ धरून ठेव.

प्रज्ञेश


तुमसर, १५ फेब्रुवारी

प्रज्ञेश,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

परवा हिरामावशीने मला साहेबांची पोस्ट पाठवली, रडक्या चेहऱ्यांसकट. मी वर्गातच खाली बसले. मुलांनी पाणी आणलं, हेडसरांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं करून शाळा सोडली. स्टेशनवर बॅग घेऊन बसले होते तेव्हा आईचा फोन लागला आणि मागून बाबांचा आवाज आला, साखर कमी टाक गं. बापाचा आवाज ऐकून संताप येतो, हे तुझ्यामुळे कळलं. काल शाळेत जाऊन सांगावं लागलं की वडील आहेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पडदा, आठवडा, सगळं आईने सांगितलं. तू बाबांना मारलंस, आता तूच उठव. हे पत्र वाचशील त्याच दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत त्यांना रिक्षात घाल आणि सरकारी दवाखान्यात ने. कुणी विचारलं तर सांग, आमदार खोटं बोलतात. बाबा नाही म्हणाले तर उचल. लोकांचा फ्रिज उचलतोस ना? बाबा त्याहून हलके झालेत.

आणि यापुढे आपल्या घरातल्या मरणाची बातमी मला तुझ्या तोंडून नको.

मैत्री


पुणे, २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
जयभीम.

बाबा काल सकाळी गेले. या वेळी खरंच.

हे पत्र आहे, म्हणून तुला मध्येच तोडता येणार नाही. काल आईच्या फोनवरून मी बोललो, कारण ती बाबांच्या पलंगापासून हलत नव्हती. तू म्हणालीस, याला काही मर्यादा आहे का, आणि फोन बंद करून टाकलास. दुसरं काय करणार होतीस? आम्ही ऊन उतरेपर्यंत तुझ्या फोनची वाट पाहिली, मग बाबांना घेऊन निघालो.

तुझं पत्र परवा मिळालं. रिक्षा आणली होती मी. बाबांनी पलंगाची दांडी घट्ट धरली. मेलेल्या माणसाने असं रिक्षातून फिरू नये, म्हणाले आणि स्वतःच हसले. हसल्यावर इतकी धाप लागली की मी घाबरलो. उद्या नेतो म्हटलं आणि रिक्षा परत पाठवली. तू असतीस तर उचललंच असतंस.

शववाहिकेसाठी कार्यालयात फोन केला. ती साहेबांची मोफत सेवा आहे. अभय म्हणाला, सुखदेव यांची नोंद मागच्याच आठवड्यात झाली, भेटही झाली, एका माणसामागे दोनदा नसतं. शेवटी भाजीचा टेम्पो मिळाला. वस्तीतले मोजकेच आले. शेजारी दारातूनच म्हणाला, मी वाहिली होती रे श्रद्धांजली.

आई भिंतीला टेकून बसली आहे. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, पण तिच्यासाठी ये. माझ्या वाटणीचा लोभही तिलाच दे.

प्रज्ञेश

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बोळात हॉस्पिटलची गाडी येऊन थांबली. साहेबांचा फोन गेला म्हणे, खाट मिळाली. एक सिस्टर वर आली आहे. रिकाम्या पलंगाकडे बघून विचारतेय, पेशंट कुठे आहेत, काही खाल्लं तर नाही ना, उपाशीपोटी न्यायचंय. आईने तिला बसायला सांगितलं आणि म्हणाली, नाही हो, कालपासून काहीच खाल्लं नाही त्यांनी.