आत्याबाईंच्या उशाची बरणी

॥ ॐ नमः शिवाय ॥

लातूर,
१२ जानेवारी २०२४

चि. सौ. राजकन्या हीस दादाचे अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू एक सांगतेस आणि मी भलतंच ऐकतो. कानातलं मशीन नुसतं शिट्ट्या मारतं, म्हणून पुन्हा पत्र. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे अक्षर तरी अजून शाबूत आहे.

गेल्या आठवड्यात हैदराबादच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जाऊन आणखी एक बरणी घेऊन आलो. इंग्रजांच्या जुन्या बिस्किटाच्या बरण्या आता इतक्या झाल्यात की तुझ्या वहिनीला बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. घरभर बरण्या आणि खायला बिस्कीट एक न्हाई, असं ती येईल-जाईल त्याला ऐकवते. खरं सांगू का, पुसून पुसून मीही थकलोय. पण शंभर वर्षांपूर्वीचा गुलाब अजून ताजा दिसला की हात आवरत नाही.

तिथल्या व्यापाऱ्याने एक गोष्ट सांगितली, ती काही मनातून जाईना. या बरण्यांच्या पांढऱ्याशुभ्र मातीत इंग्रज लोक गुराढोरांच्या हाडांची राख मिसळत. चिमूटभर नव्हे, जवळजवळ निम्मी. बुडाला निळ्या मुकुटाचा शिक्का असलेला सगळा माल तसलाच. भाऊबीजेला तुला दिलेल्या बरणीवर मुकुटच होता, असं अंधूक आठवतं. तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आपण लिंगायत, त्यात तुझ्या सासूबाई, पार्वतम्मा आत्याबाईंचं मडी म्हणजे भल्याभल्यांच्या सोवळ्याला भारी. एकदा बरणी उलटी करून बघ. मुकुट असेल तर त्यांना सांगून टाक आणि बरणी परत पाठव. असली गोष्ट पोटात ठेवून देवाधर्माच्या घरात वावरू नये.

शिवप्पा दाजींना शरणार्थ सांग. लोभ आहे तो टिकव.

तुझा दादा
भुजंग


देगलूर,
२० जानेवारी

ती. दादास राजकन्याचा शि. सा. न. वि. वि.

मुकुट आहे. बघितला आणि तशीच उंबऱ्यात बसून राहिले.

आत्याबाईंची नजर गेली त्याला वर्ष झालं, आणि दिवाळीपासून अंथरूणच धरलंय. उठवणं, धुणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. झोप कशाशी खातात ते मी विसरले. त्यांचं खाणं म्हणजे फक्त नानकटाई, तीही मी न्हाऊन ओलेत्यानं केलेली, दुधात भिजवून, आणि तीही तुझ्या त्या बरणीतलीच. स्टीलच्या डब्याला कुणी बी शिवतंय, चिनी मातीला विटाळ लागत न्हाई, घरात ही एकच बरणी चोख हाय, असं त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात. बरणी उशाशी असते. वरची उठावाची फुलं बोटांनी चाचपत पडून राहतात.

आता तूच सांग, आत्याबाईंना मी काय सांगू? ऐकलं तर त्या अन्न सोडतील. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही, एक घास चुकायला नको.

तुला आठवत असेल. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी शेजारच्या कार्यात जेवून आले. मागच्या अंगणात मटण शिजत होतं, हे मला कुठं ठाऊक? आत्याबाईंनी महिनाभर चुलीला शिवू दिलं नाही, माझं ताट गोठ्यात वाढलं. तू भेटायला आलास आणि माझ्याजवळ गोठ्यातच जेवायला बसलास. ते मी विसरले नाही, आणि बाकीचंही विसरले नाही.

एक कर. तशीच दिसणारी, पण बिनहाडाची बरणी पाठव. गुपचूप बदलून टाकते. तुझ्या त्या पसाऱ्यातली एक तरी संसाराच्या कामाला येऊ दे.

माया असू दे, उपदेश थोडा कमी चालेल.

तुझी
राजकन्या


लातूर,
२ फेब्रुवारी

चि. सौ. राजकन्या हीस अ. उ. आ. वि. वि.

शिवप्पा तूर घेऊन अडतीवर आलेत, त्यांच्याच हाती हे पत्र आणि बरणी देतोय. त्यांना मूळ कारण सांगितलं नाही. परत बरणीच व्हय, त्यापरीस साखरेचं पोतं द्या की, असं म्हणून ते मोठ्यानं हसले. एवढं मलाही ऐकू आलं.

ही बरणी जाड दगडी मातीची आहे. हाडाचा कणसुद्धा नाही, व्यापाऱ्याकडून दोनदा खात्री करून घेतली. उंची तीच, मुलाम्याचं झाकण तसंच, कडीही तशीच. गुलाब मात्र नुसते रंगवलेले आहेत, उठावाचे नाहीत. माझी फार लाडकी होती, वहिनीनेच कागदात गुंडाळली, मी तिकडे बघितलं नाही.

माझं मत मात्र तेच. धर्म त्यांचा आहे, तर काय करायचं ते त्यांनी ठरवावं. आपण लपवणारे कोण? राग मानू नकोस. तू दमली आहेस हे कळतं, पण लांब बसून मी दुसरं काय लिहिणार?

तब्येतीला जप. या म्हाताऱ्यावर लोभ राहू दे.

तुझा दादा
भुजंग


देगलूर,
११ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझी बरणी उशाशी ठेवली. आत्याबाईंनी हात फिरवला आणि फुलं कुठं गेली म्हणून विचारलं. झाकण उघडून मिटून बघितलं. ही आपली न्हाई, परक्याची हाय, म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. तो दिवस गेला, दुसराही गेला. पाण्यापलीकडे पोटात काही नाही. यांनी हात जोडले, डॉक्टर रागावले, काही उपयोग झाला नाही. माझ्याही घशाखाली घास उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. घरात आम्ही दोघीच होतो. आत्याबाई, इतके दिवस तुम्ही गुराची हाडं उशाला घेऊन झोपलाय, एवढं वाक्य अगदी ओठावर आलं. गोठ्यातल्या त्या ताटाचं सगळं उट्टं एका दमात निघालं असतं. आणि त्यात खोटं काय होतं? तूही तेच सांगत होतास ना? मी बोलायला जवळ गेले, तर माझी चाहूल लागून त्यांनी हात पुढे केला. हात कसला, नुसतं कातडं. माझ्याच्यानं बोलवलं नाही. मी माळ्यावरून जुनी बरणी काढली, पुसली आणि त्यांच्या हातात दिली. आली व्हय माझी बरणी, म्हणाल्या.

नानकटाई भिजवून भरवली. अर्धी खाल्ली आणि थांबल्या. वाटलं, त्यांना कळलं. तर चाचपडत त्यांनीच बरणीतून एक काढली आणि माझ्यापुढे धरली. तू बी उपाशीच हायस, तुझ्या पावलांच्या आवाजावरनं समजतंय मला, खा आधी, म्हणाल्या. दादा, या घरात आल्यापासून त्यांनी आपल्या हातानं मला काही दिलं ते हे पहिलंच. मी त्यांच्या अंथरुणावर बसले आणि खाल्ली. माहीत असून खाल्ली, आणि रडत रडत दुसरीही मागून घेतली.

तेव्हा धर्म बुडाला असेल तर तो माझा बुडाला. त्यांना ठाऊक नाही, त्या जातील तेव्हा चोखच जातील.

तुझी लाडकी बरणी यांच्याबरोबर परत पाठवते. वहिनीला नमस्कार. या गोष्टीवर आता एक अक्षर लिहू नकोस, एवढा लोभ माझ्यावर कर.

तुझी
राजकन्या