तेजूच्या भाराचा गूळ

१० जाने.
गूळ आला. भावाच्या गुऱ्हाळातला, पिवळाधमक. रिक्षातनं रवे, ह्या मोठ्या ढेपी, उतरवताना सगळ्या गल्लीत वास. नात तेजूच्या भाराचा गूळ मरगाई देवीला द्यायचा हाय, २७ ला मंगळवारी. नवस माझा. सातव्या महिन्यात झाली पोर, सव्वा किलो, कापसात गुंडाळलेली. डॉक्टर काय बोलंना. तवा देवीला बोलले, पोर जगू दे, दहा वर्षांची झाली की तराजूत बसवते आन् तिच्या भाराचा गूळ वाटते. झाली की दहाची. काल दुकानातल्या काट्यावर उभी केली, ■■■ किलो. सव्वा किलोची ती एवढी. दुकानदार बी हसला. गल्लीत घरोघर सांगून आले. पत्ता विचाराय कोण पावणं आलतं, त्यांस्नी पण सांगितलं. म्हटलं आमची तेजू म्हंजे गुळाचा रवाच. गुडघा आज दुखला न्हाय.

१३ जाने.
भोगीची भाकरी केली, तीळ लावून. आरोग्याच्या बाई आलत्या, गळ्यात टेप, शिंप्यागत. माझी बी कंबर मोजली. शाळेत वजनं घेतली म्हणे, तेजूचा कागद दिला. मधी हिरवा पट्टा, वर-खाली लाल. तेजूचा ठिपका वरच्या लालात. पुढं साखरेचं दुखणं लागंल म्हणल्या. मला हसूच आलं. म्हटलं बाई, उपाशी पोर बघितलंय का कधी. तर म्हणल्या, रोज बघते आजी. शहरात ठिपके वर चाललेत, यंत्रमागांच्या वस्तीत खाली, सगळ्या राज्यात हेच. चहा नको म्हणल्या. मीच पिले दोन्ही कप.

१४ जाने.
इचलकरंजीहून लेक मंगलचा फोन. जावई यंत्रमागावर कामाला, ती सुताच्या कांड्या भरते. तिच्या ओमचा बी कागद आलाय. तेजूपेक्षा वर्षानं मोठा, ठिपका खालच्या लालात. दोघं माझीच नातवंडं. तिकडं पोरगं सकाळी चहा-बटर खाऊन जातं ते रात्रीच जेवतं. हिकडं सून शाहूपुरीत दुकानात कामाला, तेजू शाळेतनं आली की बिस्किटाचे पुडे फोडत बसते. पुडे मीच आणते. तीळगूळ वाटायचा राहिला.

१७ जाने.
तेजूच्या दप्तरात भाकरी सापडली. तीन दिवसांची, वहीच्या कागदात, वाळून पापडागत. विचारलं तर म्हणली भूक न्हाय. मी म्हटलं देवीला कमी भार द्यायचा का काय. चेष्टेत म्हटलं.
ती हसली न्हाय.

१९ जाने.
शाळेत प्रार्थनेला पडली. सलाईन लावलं, संध्याकाळी घरी आणली. सून भांडली न्हाय, पाठमोरी होऊन म्हणली, "आत्ती, पोरं तिला रवा म्हणून हाका मारत्यात."
रवा कुणी शिकवलं ते मला ठाऊक हाय.
भांडी घासली. परत घासली.

२० जाने.
काय न्हाय. तेजू दोन घोट पेज पिली. गुळाचा वास नको झालाय.

२५ जाने.
मंगल आली ओमला घेऊन. ओम आल्या आल्या रव्याला नखानं खरवडून खायला लागला. देवीचा हाय, उष्टा करू नये, एरवी बोलले असते. तेजू लांबनं बघत होती. त्याला म्हणली, "तूच बस की तराजूत. तुला कोण हसत न्हाय."
ओम म्हणला, "मला काडी म्हणत्यात."
मंगल म्हणली आई, भात करपतोय. करपला होता.

२७ जाने. मंगळवार
देवळात गेलतो. पुजाऱ्यानं तराजू टांगला. एका पारड्यात गूळ, ते भुईला टेकलं. दुसरं वर, मोकळं, हलत राहिलं. सगळी गल्ली आलती, मीच बोलावलेली. पुजारी म्हणला बसवा पोरीला. तेजू पायरीवर, माझा पदर मुठीत. मी म्हटलं, "आज न्हाय."
कुणीतरी म्हणलं, नवस मोडतीस व्हय म्हातारे. कोण ते बघितलं न्हाय. गूळ परत रिक्षात. नवस माझ्या अंगावर राहिला. देवीला बोललेली मी, पोर न्हाय बोललेली. बघंल ती माझ्याकडं.
घरी आल्यावर तेजूनं विचारलं, "आज्जी, तुझ्या वहीत माझं वजन लिवलंयस?"
व्हय म्हटलं.
"खोड की."
पहिल्या पानावर जाऊन खोडलं. पेन एवढं दाबलं की पुढच्या पानावर उमटलं.
अर्धी भाकरी तिच्यापुढं ठेवलीय, वर दूध. अजून हात लावलेला न्हाय. मी वहीतच बघून लिहितेय, तिच्याकडं बघत न्हाय.